आठ महिने कमी पडले!

"पोऱ्या ऊना वं वहिनी, पन सुट्टीवर नही ऊना."

जिजींनी कुंपणापलीकडून ही बातमी सोडली तेव्हा माझे दोन्ही हात ज्वारीच्या घाट्यात होते. एप्रिलचं ऊन, शहाद्यातलं आमचं अंगण, खाटेवर पसरलेलं ओलं धोतर आणि त्यावर बिबड्या थापत बसलेली मी. घाटा गार झाला की बिबडी नीट पसरत नाही, म्हणून हातातलं टाकून उठता येत नाही. जिजींना हे पक्कं ठाऊक आहे. गल्लीतल्या मोठ्या बातम्या त्या बरोबर याच वेळेला आणतात.

"कोण पोऱ्या?"

"मागल्या गल्लीतला फौजी गं. काल रात्री नंदुरबारला गाडीतून उतरला आणि तिथून छोटा हत्ती करून आला. सुट्टीवरचा माणूस पाठीवर पिशवी टाकून एसटीनं येतो. याच्यासोबत काळी पेटी, बिस्तरा, टेबलफॅन, सगळा बाडबिस्तरा. मी माझ्या डोळ्यांनी पेटी उतरताना पाहिली."

"रिटायर झाला असेल."

"कसा व्हईन? त्याची माय मला संक्रांतीलाच म्हणाली होती, अवंदा दिवाळी झाली की पंधरा वर्षं पुरी होतात, मग पोऱ्या कायमचा घरी. आत्ता कुठं चैत्र चालू आहे."

आमच्या भागात पंधरा हा आकडा बायकांनाही पाठ आहे. घरटी कुणीतरी एसटीत, पोलिसात, झेडपीच्या शाळेत नाहीतर फौजेत असतंच, त्यामुळे पेन्शनचा हिशेब चुलीजवळही चालतो. फौजेत जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं लागतात, अफसराला वीस. लग्न जमवतानासुद्धा मुलीचा बाप पगाराआधी विचारतो, "किती झाली आणि किती राहिली?"

दुपारपर्यंत गल्लीत चार-पाच निरनिराळे फौजी तयार झाले. एकानं साहेबावर हात उचलला होता. एक बंदूक टाकून पळाला होता. एकाला म्हणे क्षय झाला होता आणि घरचे लपवत होते. सगळ्यांत जोर होता तो दारू पिणाऱ्या फौजीला. तो सुट्टीवर आला की कॅन्टीनच्या बाटलीसाठी ज्यांनी त्याच्या ओट्यावर नंबर लावले, तीच मंडळी आता पानटपरीवर "फार प्यायचा हो" म्हणून माना हलवत होती.

संध्याकाळी जिजी पुन्हा कुंपणाशी हजर. या वेळी समोरच्या घरातले सुभेदारही होते. ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली, पण अजून पाण्याचा नळ सोडायला जाताना बूट घालून जातात. त्यांच्यामागून मास्तर आले. मास्तर कुठेही येतात.

"डिसमिस केला म्हणे त्याला," जिजींनी सुरुवात केली.

सुभेदार गरकन वळले. "जिजी, माहीत नसेल तर बोलू नका. डिसमिस म्हणजे बडतर्फ. बडतर्फ झालेल्याला पेन्शनच मिळत नाही, वीस वर्षं झाली असली तरी. याला डिस्चार्ज दिलाय. डिस्चार्ज झालेला माणूस पेन्शनच्या हिशेबात राहतो, फक्त वर्षं भरावी लागतात. याची भरली नाहीत एवढंच."

"एवढंच!" जिजी म्हणाल्या. "एवढ्यातच घर बसलं ना त्याचं."

मग सुभेदारांनी आम्हाला फौजेची चोपडी उघडून दाखवली. प्रत्येक जवानाची एक कंडक्ट शीट असते. बारीकसारीक शिक्षा तिच्यात काळ्या शाईनं लिहितात आणि जड शिक्षा लाल शाईनं. अशा लाल नोंदीला फौजी माणसं 'रेड इंक' म्हणतात. सुट्टी संपूनही हजर न होणं हा आर्मी ॲक्टच्या कलम 39 खालचा गुन्हा. कमांडिंग अफसर कोर्ट मार्शल न बसवता, समोर उभं करून, अठ्ठावीस दिवसांपर्यंतची कैद देऊ शकतो. ती कैद झाली की शीटवर लाल ओळ पडते. अशा चार लाल ओळी झाल्या की आर्मी रूल 13 खाली 'याच्या सेवेची आता गरज नाही' असा प्रस्ताव वर जाऊ शकतो.

"याच्या किती झाल्या?" मी विचारलं.

"ते त्यालाच विचारा. मी ऐकीव बोलत नाही," असं म्हणून सुभेदार नळ सोडायला निघून गेले. ऐकीव न बोलणारा माणूस गल्लीत असला की गप्पांची फार पंचाईत होते.

ती पंचाईत दुसऱ्या दिवशी फौजीच्या बायकोनंच सोडवली. चाळणी परत करायला आली आणि कुंपणाला टेकून सगळं सांगून गेली. आवाज खाली नाही, डोळ्यांत पाणी नाही. बचत गटाची सचिव आहे ती, हप्ता थकलेल्या बायकांशी ज्या सुरात बोलते त्याच सुरात बोलली.

"चार एंट्र्या झाल्या, काकू. पहिली सासऱ्यांना लकवा मारला तेव्हाची. तेरा दिवस उशिरा हजर झाले. दुसरी माझ्या धाकटीच्या वेळची, सिझर झालं होतं आणि टाके पिकले होते. तिसरी मिरचीची."

"मिरचीची म्हणजे?"

"प्रकाशा गावाच्या रस्त्याला आमची जमीन आहे ना, तिथं मिरची लावली होती. तोड्याला आली आणि अवकाळी पाऊस लागला. लाल मिरची झाडावर सडत होती, मजूर मिळेना. हे म्हणाले, एवढं आवरून जातो. गेले, ते अठरा दिवसांनी."

"आणि चौथी?"

ती जरा थांबली. "चौथी खरी त्यांचीच. बडाखाना होता, जास्त झाली, लंगरमध्ये एकाशी मारामारी केली. मी ते झाकत नाही."

हे मला आवडलं. बाईनं चार एंट्र्यांत एक आपल्या नवऱ्याच्या नावावर टाकली आणि तीन परिस्थितीच्या. आमच्या गल्लीत हा हिशेब सहसा शंभर टक्के परिस्थितीचा असतो.

नंतर तिनं पैशाचं सांगितलं. चौदा वर्षं चार महिने नोकरी झाली. पेन्शन नाही म्हणजे हाती येते ती ग्रॅच्युइटी, पूर्ण झालेल्या दर सहामाहीला अर्ध्या महिन्याचा पगार. तीन महिन्यांच्या वरचा तुकडा एक सहामाही धरतात, म्हणजे एकोणतीस सहामाह्या, साडेचौदा महिन्यांचा पगार. शिवाय स्वतःचा फंड आणि विम्याचे पैसे. घराचा वरचा मजला अर्धा उभा आहे, त्याचं कर्ज यातून फिटेल आणि हात पुन्हा रिकामे. माजी सैनिकांचा दवाखाना नाही, कॅन्टीन नाही, सरकारी नोकरीतल्या माजी सैनिकांच्या राखीव जागांवर हक्क सांगायचा तर तिथंही डिस्चार्जचं कारण आडवं येतं.

खरं सांगू? मला यातली शिस्त समजते. सीमेवर माणूस वेळेवर हजर झाला नाही तर त्याच्या वाटणीचा पहारा दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि त्यालाही घरी लकवा मारलेला बाप असू शकतो. न समजणारी गोष्ट ती पंधरा वर्षांची रेघ. चौदा वर्षांच्या नोकरीला चौदा वर्षांएवढी पेन्शन, असा मधला मार्ग तिथं नाही. रेघेच्या अलीकडे एकरकमी पैसे आणि रामराम, पलीकडे जन्मभराची पेन्शन, आणि माणूस गेला तर मागं बायकोला फॅमिली पेन्शन. सुभेदारांनी एकदा सांगितलं होतं, बारा-तेरा वर्षं झालेला जवान पलटणीत सगळ्यांत गरीब प्राणी असतो. कुणाला उलट बोलत नाही, बदली मागत नाही, दुखलं तरी पलटणीच्या दवाखान्यात, एमआय रूममध्ये, जात नाही. आपल्या फौजीनं नेमक्या त्या काळात मिरची आणि मारामारी केली.

तिसऱ्या दिवशी फौजी स्वतः आला. उंच माणूस, पण दारातून येताना उगाच वाकून आला. सुभेदारांनी त्याला खुर्ची दिली आणि पहिला प्रश्न टाकला, "अपनी मर्जी से लिखवाया क्या?" फौजी माणसं महत्त्वाचं बोलायचं असलं की हिंदीत शिरतात.

"नाही साहेब."

"नक्की? कुठल्या कोऱ्या कागदावर सही?"

"सांगत होते, की स्वतःहून अर्ज दे, नाव साफ राहील, बाहेर सिक्युरिटीत नोकरी मिळेल. मी घरी फोन केला. ही म्हणाली, मला दाखवल्याशिवाय कुठेही सही करायची नाही."

"बँकेच्या कर्जाच्या वेळी शिकले मी ते," बायको मागून म्हणाली.

सुभेदारांनी तिच्याकडे वळून अक्षरशः सलाम ठोकला. आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं ते असं. फौजेच्या पेन्शन नियमांत एक कलम आहे: पंधरा वर्षांना थोडं कमी पडलं तर ती तूट माफ करता येते. पूर्वी ही माफी सहा महिन्यांपर्यंत होती, संरक्षण मंत्रालयाच्या 14 ऑगस्ट 2001 च्या पत्रानं ती बारा महिन्यांपर्यंत वाढवली. याची तूट आठ महिन्यांची. पण त्या कलमाला अपवाद आहेत आणि पहिलाच अपवाद असा, की जो स्वतःच्या विनंतीवरून घरी गेला त्याला ही माफी नाही. म्हणजे 'नाव साफ राहील' म्हणून जी सही मागत होते, तिनं हे दारच बंद झालं असतं. मागणाऱ्याला ते माहीत होतं की नाही कोण जाणे. कदाचित खरंच भलं करायला निघाला असेल बिचारा. फुकट सल्ला देणारे सगळेच वाईट नसतात, मीही देते.

"पण बाई, तुला पेन्शन मिळालीच असं समजू नको," सुभेदार तिला म्हणाले. "माफी द्यायची की नाही हे त्यांच्या हातात. मागायचा हक्क तुझ्या हातात राहिला एवढंच."

जिजींनी डोळे बारीक केले. "सुभेदार, चार लाल झाल्या की काढायचाच, असा कायदा नाही का मग?"

"नाही! हेच तर कुणाला ठाऊक नाही." आणि त्यांचा आवाज चढला. लष्करी मुख्यालयाचं 28 डिसेंबर 1988 चं एक पत्र आहे. चार रेड इंक झाल्या म्हणजे डिस्चार्ज सक्तीचा होत नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. प्रत्येक एंट्री कशाबद्दल पडली ते कमांडिंग अफसरानं बघायचं. माणूस पेन्शनच्या तोंडावर आला असेल तर विशेष करून कठोर व्हायचं नाही. त्यानं किती वर्षं काढली, कुठल्या अवघड ठिकाणी काढली, कसल्या परिस्थितीत राहिला, हे धरायचं. अगदी गरज असेल तरच काढायचं, आणि तेही वरच्या कमांडरच्या मंजुरीनं. आधी चौकशी करायची, नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं.

"मग ऐकलं नाही का याचं?"

फौजीनं खाली बघितलं. "नोटीस दिली होती साहेब. मी उत्तर लिहिलं, की घरगुती अडचण होती, माफी असावी."

"एवढंच?"

"एवढंच."

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी दोन निकाल सांगितले, आणि मी बिबड्या उलटायच्या विसरले. पहिला वीरेंद्र कुमार दुबे नावाच्या तोफखान्यातल्या जवानाचा. 1980 साली भरती झालेला. बारा वर्षांची नोकरी झाली आणि चार-पाच लाल ओळींवर त्याला घरी पाठवलं. तो लढत राहिला. ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: नुसता एंट्र्यांचा आकडा मोजून माणूस काढता येत नाही, 1988 च्या पत्राप्रमाणे चौकशी करायला हवी होती, ती झाली नाही, म्हणून पेन्शन बसेपर्यंत तो नोकरीतच होता असं धरा. मधल्या काळाचा पगार नाही, पण पेन्शन द्या.

"1992 चा माणूस, 2015 ला निकाल," मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. "तेवीस वर्षं."

"आता दुसरा ऐका." तो सतगुर सिंगचा, 2019 चा. हाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि हरला. सुट्टी संपूनही गैरहजर राहिल्याच्या एंट्र्या पुष्कळ, आणि नोटिशीला उत्तर मोघम. गैरहजेरीचं नीट कारण नाही, पुरावा नाही. न्यायालयानं त्याचा डिस्चार्ज कायम ठेवला. "पत्र तेच, 1988 चं. पण एकाच्या बाजूनं उभं राहिलं, दुसऱ्याच्या नाही. आता तू सांग," सुभेदार फौजीला म्हणाले, "तू कुणासारखा?"

फौजी काही बोलला नाही. त्याची बायको बोलली. "यांचं उत्तर सतगुर सिंगाचं आहे आणि कारणं दुबेची."

दुबेची कारणं काय होती हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं, पण तिचं बोलणं सुभेदारांना बरोबर पोचलं. ते हसले.

इथं मास्तर सुरू झाले. मास्तरांना मध्ये घेतलं नाही तर ते जगाचा इतिहास आणतात आणि घेतलं तरी आणतात. 1917 मध्ये इंग्रजांना महायुद्धासाठी माणसं हवी होती तेव्हा महारांची पलटण उभी केली, 111 वी महार. युद्ध सरलं आणि 1921 ला ती मोडून टाकली. ज्यांनी पलटण हाच संसार मानला ते रस्त्यावर. पुन्हा दुसरं महायुद्ध आलं तेव्हा 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. "आपल्या खानदेशातच बघा ना," मास्तर म्हणाले, "1825 साली औट्रमसाहेबानं धरणगावला भिल्लांची पलटण काढली. कालपर्यंत ज्यांना डोंगरातून हुसकत होते त्यांनाच वर्दी दिली. गरज सरकारची, आणि नोकरी किती दिवस ते ठरवणारंही सरकारच."

"मास्तर, तुमचे इंग्रज मेले," जिजी म्हणाल्या. "आत्ताचं बोला."

आत्ताचंही मास्तरांकडे होतं. अमेरिकेच्या फौजेत पेन्शनला वीस वर्षं लागतात. पण शिपायाची अठरा पूर्ण झाली की, शिस्तभंगासारखं कारण नसेल तर, केवळ पुढची मुदत नाकारून त्याला मधेच घरी पाठवता येत नाही, वीस भरू द्यावी लागतात. कायद्यातच तसं घातलंय. "आणि आपल्याकडे फक्त एक पत्र, कठोर होऊ नका म्हणून."

"याच्यात शिस्तीचंच कारण आहे," सुभेदारांनी टोकलं. "तिकडे असता तरी हा वाचला नसता."

मास्तर गप्प बसले. असं वर्षातून एकदा होतं.

जिजींच्या नातवानं मग स्वतःचा विषय काढला. तो पहाटे मैदानावर पळायला जातो, अग्निवीर व्हायचंय त्याला. 14 जून 2022 ला ती योजना जाहीर झाली तेव्हापासून घरात एकच वाद. चार वर्षं नोकरी, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पोरांना पुढं ठेवणार, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांचा सेवा निधी देऊन परत पाठवणार. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. "निदान आधी सांगून तरी पाठवतात," पोरगा म्हणाला. "फौजीकाकांसारखं चौदा वर्षं आशेवर तर ठेवत नाहीत."

तो गेल्यावर जिजी म्हणाल्या, "याचं ऐकू नका, पोऱ्या येडा शे." पण मला त्याचं बोलणं येडेपणाचं वाटलं नाही. बायकांच्या बाबतीत तर चौदा वर्षांवर आणूनच सोडत होते. शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या महिला अफसरांची नोकरी दहा अधिक चार, चौदा वर्षांची; अफसरांची पेन्शन विसाव्या वर्षी. म्हणजे घरी जाताना पेन्शनची रेघ सहा वर्षं दूर. 17 फेब्रुवारी 2020 ला बबिता पुनिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कायम कमिशनचा रस्ता उघडला आणि ज्यांची चौदाच्या वर नोकरी झाली होती त्यांना वीस पुरी करून पेन्शन घ्यायची सोय लावली. त्या वेळी टीव्हीवर बातमी बघून आमच्या गल्लीतल्या बायकांनी "बरं झालं गं" म्हटलं होतं आणि पुन्हा मालिका लावली होती. या फौजीच्या निमित्तानं ती बातमी आता कुठं नीट कळली.

आठवडाभर कुंपणावर दुसरा विषय नव्हता. पानटपरीवरचा दारूवाला फौजी हळूहळू मागं पडला, कारण सुभेदारांनी तिथं जाऊन सगळ्यांना 1988 चं पत्र समजावून सांगितलं. मग पानटपरीवर प्रत्येकजण वकील झाला. थेट मुंबईला जा, तिथं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, असं एकानं सांगितलं. ते खरं आहे, ट्रिब्युनल 2009 पासून बसतंय आणि मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. पण आधी फौजेतच वरच्या साहेबाकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि सहा महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर मग ट्रिब्युनल. सुभेदारांनी मुंबईचं तिकीट काढायला निघालेल्या फौजीला थांबवलं. "पहिला कागद इथूनच जाईल. आणि दोन कागद जातील. एक डिस्चार्ज चुकीचा आहे म्हणून, दुसरा, तो बरोबर आहे असं तुम्ही म्हणत असाल तर निदान आठ महिन्यांची तूट माफ करा म्हणून."

कागद लिहायला बसले तेव्हा आमच्याच ओट्यावर बसले, कारण आमच्याकडे मोठं टेबल आहे. मास्तरांनी पहिला मसुदा वाचला. 'आपण मायबाप आहात, कृपाळू होऊन' अशी सुरुवात होती. सुभेदारांनी तेवढ्या ओळी पेन्सिलीनं उडवल्या. "कृपा नको. तारीख लिहा. कुठली एंट्री, कुठल्या तारखेची, कशाबद्दल. आणि कुठं कुठं नोकरी केली ते लिहा. राजौरीत किती, लेहला किती, कुठल्या महिन्यात. ते धरायचं असं पत्रातच म्हटलंय ना? मग त्यांना शोधायला कशाला लावता?"

फौजी सांगू लागला. लेहला किती हिवाळे, राजौरीत किती, गाडी कुठल्या रस्त्यावर चालवायचा, एकदा बर्फात दोन दिवस कशी अडकली. इतक्या वर्षांत सुट्टीवर आला की आम्ही त्याला कॅन्टीनचे भाव विचारले, बर्फाचं कुणी विचारलं नव्हतं. जिजींनी तोंडावर पदर धरून ऐकलं.

मग एंट्र्यांचे पुरावे. सासऱ्यांच्या लकव्याची दवाखान्याची फाइल बायकोनं आणलीच होती. सिझरचं डिस्चार्ज कार्ड होतं, टाके पिकले त्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. मारामारीपुढं सुभेदारांनी लिहायला लावलं, की चूक झाली, शिक्षा भोगली. अडकलं ते मिरचीपाशी.

"पीक सडत होतं हे फौजेत सांगून काय उपयोग?" फौजी म्हणाला. "तिथं कुणाला कळणार?"

"नही कळनार तर सांगा त्यास्ले!" जिजी उसळल्या. "नंदुरबारची मिरची सगळा देश खातो. ती झाडावर सडली म्हणजे घरात वर्षभर काय येतं ते लिहा."

"जिजी, लिहून चालत नाही, कागद लागतो," सुभेदार म्हणाले.

"कागद आहे की!" मास्तर ओरडले. त्यांच्या इतक्या दिवसांच्या बोलण्यात हे एकच वाक्य सोन्याचं निघालं. "त्या अवकाळीत नुकसानीचे पंचनामे झाले होते. माझ्या मेव्हण्याच्या पपईचा झाला होता. तलाठी आणि कृषी सहायक बांधावर आले होते. तुमच्या सातबाऱ्यावर मिरची लागली असेल तर तुमचाही झाला असणार. त्याची नक्कल मागा. तारीख असेल त्याच्यावर."

फौजीच्या बायकोनं डोक्यात हिशेब जुळवला. "झाला होता. मीच अंगठा, म्हणजे सही केली होती सासूबाईंच्या वतीनं. पैसेही आले होते थोडे, आधार जोडलेल्या खात्यात."

"बघा!" मास्तर म्हणाले. "देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या टेंभलीत वाटलं, 2010 ला. तेव्हा लोक हसले होते. आता बँकेच्या पासबुकात त्या नुकसानभरपाईची नोंद सापडेल, फौजेला तीही लावता येईल."

सुभेदारांनी मिरचीपुढं जागा सोडली आणि कडेला लिहिलं, 'पंचनामा, सातबारा, पासबुक'. फौजी म्हणाला, मी जातो सोमवारी तलाठ्याकडे. बायको म्हणाली, तुम्ही नको, तुम्ही तिथं जाऊन माफी असावी म्हणाल, मीच जाते. आणि जिजींनी लगेच जाहीर केलं, की मुलींना त्या सांभाळतील, फक्त उरलेल्या बिबड्या मी थापून द्याव्यात, कारण त्यांचा घाटा सोमवारीच व्हायचाय.